सागवानी सज्ज्याची निगा

आपल्या पेठांतील जुनी घरे पाहू गेल्यास बहुतेकांची रचना एकसारखी दिसते. खाली दुकान अथवा वखार, वर राहते घर, आणि मागील अंगास वाऱ्या-उजेडासाठी व वाळवणासाठी लाकडी सज्जा. अशा सज्ज्यांची संख्या अलीकडे झपाट्याने घटत आहे. फळी करडी पडली, कोठे कुरकुरली, की ‘लाकूड कुजले’ असा निकाल दिला जातो. जुन्या लाकडाचा व्यापारी येतो, घनफुटावर भाव ठरवितो, आणि दोन-तीन महिन्यांत त्या जागी सिमेंटचा स्लॅब व त्यावर गुळगुळीत फरशी येते. हा निकाल पुष्कळ वेळा चुकीचा असतो, एवढे सप्रमाण सांगावे या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत. आम्ही धान्याचे व्यापारी. सुतारकाम हा आमचा विषय नव्हे. तथापि बेळगावातील आमच्या राहत्या घराच्या सज्ज्याचे काम आम्ही स्वतः उभे राहून करून घेतले व त्यानिमित्त जे समजून घेतले, ते सभासद बंधूंच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

निकालापूर्वी परीक्षा

आमचा सज्जा २२ फूट लांब व ७ फूट रुंद आहे. आतील चार फुटांवर कौलांचे छप्पर येते. बाहेरील तीन फूट मात्र उन्हापावसात उघडे आहेत. कैक वर्षांत त्यास तेलाचा हात लागला नव्हता. घरात विषय निघाला तेव्हा धाकटे बंधू व मुले यांचे मत स्लॅब करावा असे पडले, आणि एका ठेकेदाराने नुसत्या नजरेने पाहून ‘हे सर्व काढावेच लागेल’ असे सांगितले. दुसऱ्या बाजूस आमच्या मातोश्री. वय ८९; दुपारचा जप व सायंकाळचे बसणे त्याच सज्ज्यात. त्या एवढेच म्हणाल्या, “अरे, फरशीवर पावसात माझा पाय ठरेल का, तेवढं पाहा आणि मग काय ते करा.” प्रश्न केवळ हौसेचा नव्हता, हे त्या एका वाक्याने सर्वांच्या ध्यानी आले.

आमच्या धंद्यात पोत्यातील माल वरून पाहून कोणी भाव करीत नाही. आतला नमुना काढून पाहतो. लाकडासही हाच न्याय लावावयास हवा. पोती शिवण्याचा दाभण घेऊन आम्ही जुन्या परिचयाच्या सुतारासह सज्ज्याखाली गेलो. जेथे कडी भिंतीत शिरते, जेथे ती बाहेरील तुळईवर टेकते व जेथे जुना खिळा गंजला आहे, त्या जागी दाभण जोराने टोचून पाहावा. निरोगी सागवानात तो कसाबसा एखाद-दोन सूत जातो व काढताना अडतो. कुजलेल्या लाकडात तो लोण्यात जावा तसा शिरतो व भुसा बाहेर येतो. बारा कड्यांपैकी दोन कड्यांची भिंतीकडील टोके तेवढी गेलेली आढळली. वरच्या फळ्यांत एकही फळी पोकळ नव्हती. सुतार म्हणाला, “शेठजी, लाकूड मेलेलं नाही, वरची कातडी तेवढी मेलीय.” त्या दोन कड्यांची खराब टोके कापून बाजूस पक्क्या वाळलेल्या सागवानाच्या जोडकड्या न गंजणाऱ्या पोलादी बोल्टांनी आवळल्या, आणि पाडापाडीचा प्रश्न तेथेच मिटला.

करडेपणाचे कारण

सुताराच्या त्या उद्गारास शास्त्राचा आधार आहे. लाकडातील तंतू ज्या द्रव्याने एकमेकांस चिकटून असतात, त्यास लिग्निन म्हणतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी पृष्ठभागाजवळील लिग्निन तुटते, पावसाचे पाणी ते धुऊन नेते व मागे फिकट करडे तंतू उरतात. ही सर्व घडामोड अगदी वरच्या, मिलिमीटरच्या अंशाएवढ्या थरात होते. म्हणजे करडेपणा हे कुजण्याचे लक्षण नव्हे. कुजणे हे बुरशीचे कार्य असून त्यास टिकून राहणारी ओल लागते. धान्यात ओल राहिली की ते तापते व त्यास बुरशी येते, म्हणून गहू बारा टक्क्यांच्या आसपास ओलीवर साठवावा असे आपण मानतो. लाकडाचे गणितही याच जातीचे आहे. ते वीस टक्क्यांच्या खाली कोरडे राहिले तर कुजविणारी बुरशी त्यात सहसा वाढू शकत नाही.

सागवानात उपजतच तेलकट द्रव्ये असतात, व त्यांतील काही वाळवीस नकोशी असतात. या लाकडाच्या टिकाऊपणाची साक्ष समुद्र देतो. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या स्थितीत जतन केलेले आहे. अशा जातीचे, जुन्या वाढीचे घट्ट लाकूड आज सहजी मिळत नाही. घरात असलेले काढून विकणे सोपे आहे. पुन्हा विकत घेणे मात्र कठीण.

रोगण नव्हे, तेल

येथवर पटल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो तो लेपाचा. चकचकीत रोगणाचा मोह सर्वांस होतो. आमच्या एका सोयऱ्यांच्या घरी उघड्या सज्ज्यास जाड व्हार्निशचे तीन हात दिले होते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याचे पापुद्रे निघू लागले. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मार्चच्या कोरड्या वाऱ्यात फळी रुंदीत आकसते, आषाढ-श्रावणात फुगते. वरचा ताठर पापुद्रा तिच्यासह हलू शकत नाही. तो तडकतो, तडीतून पाणी आत शिरते व पापुद्र्याखाली कोंडून राहते. रक्षणासाठी दिलेला लेपच मग ओलीस आसरा देतो. तेल लाकडाच्या आत मुरते, पापुद्रा धरत नाही, आणि झिजले तरी नुसते पुसून पुन्हा देता येते. जुने खरडावे लागत नाही.

फ्रेंच पॉलिश तर उघड्या जागेस सर्वस्वी निरुपयोगी. ते लाखेचे स्पिरिटमध्ये केलेले द्रावण असून पाणी लागताच पांढरे पडते. शिवाय लाख कीटकांपासून होते. श्रावकास वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्याची गणना आहे, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. पिवळे मेणही मधमाशीचेच. येथे धर्माचा विचार व कामाचा विचार एकाच बाजूस उभे आहेत, हे सुदैवच. जवसाचे तेल व चिडाच्या राळेपासून निघणारे टर्पेंटाइन ही दोन्ही वनस्पतिजन्य द्रव्ये आहेत.

जवसाचा गुण आपणांस व्यापारामुळे ठाऊक असतोच. त्याचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. शेंगदाण्याचे तेल तसे होत नाही, म्हणून स्वयंपाकघरातील तेल लाकडास लावू नये. कच्चे जवस तेल वाळण्यास कित्येक दिवस घेते व दमट हवेत त्यावर काळी बुरशी धरते. यास्तव रंगाच्या दुकानांत मिळणारे ‘डबल बॉइल्ड’ तेल घ्यावे. निव्वळ पारदर्शक तेल उन्हास फारसे अडवीत नाही. ऊन अडविते ते त्यातील रंगद्रव्य. म्हणून तेलात लोहभस्मी तांबडा रंग, म्हणजे आपली काव, अल्प प्रमाणात घोटून घालावी. आम्ही छपराखालील भागास असे काव घातलेले जवस तेल दिले, आणि बाहेरील उघड्या तीन फुटांस रंगद्रव्य व बुरशीनाशक असलेले तयार बाह्य लाकूड-तेल वापरले.

कामाचा क्रम

हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल हा उत्तम. प्रथम मऊ झाडणीने फटींतील मुंग्या, कोळी यांना यत्नपूर्वक दूर करावे. दोन फळ्यांतील फटी मोकळ्या कराव्यात. त्यांत लांबी भरू नये, कारण पाणी निथळण्याचा व फळी फुगण्याचा मार्ग तोच आहे. गंजके लोखंडी खिळे काढून पितळी अथवा न गंजणाऱ्या पोलादाचे स्क्रू घालावेत. लोखंड व लाकडातील तुरट द्रव्य यांच्या संयोगानेच ते काळे डाग पडतात.

नंतर मऊ ब्रशाने, लाकडाच्या रेघेच्या दिशेने, साबणपाण्याने धुवावे. तारेचा ब्रश वापरू नये. काळे डाग उरल्यास प्लॅस्टिकच्या बादलीत एक लिटर कोमट पाण्यास सुमारे ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड या प्रमाणात द्रावण करून लावावे व पंधरा-वीस मिनिटांनी स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावे. हे द्रव्य विषारी आहे. हातमोजे व चष्मा घालावा, मुलांस दूर ठेवावे व धुवण विहिरीकडे जाऊ देऊ नये.

चार-पाच दिवस सुकल्यावर घासावे. प्रथम ६० नंबरचा, मग ८० चा, शेवटी १२० नंबरचा पॉलिशपेपर. याहून गुळगुळीत करू नये, नाहीतर तेल मुरत नाही. मेलेला थर पातळ असल्याने रंध्याची गरज क्वचितच लागते, आणि रंधा मारणे म्हणजे चांगले लाकूड फुकट घालविणे. जुन्या घरात पूर्वीचा तैलरंग असल्यास मात्र जपावे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारा नियम २०१६ साली झाला व २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासू नये. ओला करून काढावा, नाकास चांगला मास्क लावावा, आणि जवळ धान्याचे अथवा वाळवणाचे काही ठेवू नये.

मग पाण्याचे चार थेंब टाकून पाहावेत. ते लगेच जिरले तर लाकूड तेलास तयार आहे. पहिला हात निम्मे तेल व निम्मे टर्पेंटाइन असा पातळ द्यावा. दुसरा त्याहून दाट. तयार तेल असल्यास डब्यावरील सूचना पाळावी. भर उन्हात लावू नये. सकाळची वेळ चांगली. वीस मिनिटांनी जे मुरले नाही ते सर्व कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. राहिलेले तेल चिकट होते व धूळ धरते. दोन हातांत किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा. फळीची कापलेली टोके सर्वांत अधिक पाणी पितात. त्यांस एक-दोन हात जास्त द्यावेत. आमच्या सज्ज्यास दोन हातांत सुमारे तीन लिटर तेल लागले.

तेलाची फडकी

आता जी गोष्ट सांगतो ती कृपा करून कोणी वरवर वाचू नये. जवस तेल वाळताना उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकल्यास ती उष्णता आत कोंडते व काडी न लावता ती आपोआप पेटू शकतात. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीस २३ फेब्रुवारी १९९१ रोजी लागलेली आग अशाच जवस तेलाच्या फडक्यांपासून सुरू झाली. लाकूडकामास तेल देणाऱ्यांनी ती मागे ठेवली होती. त्या आगीत तीन अग्निशामक जवानांचे प्राण गेले. आपल्या घरांच्या खाली बारदान, सुतळी व पोत्यांच्या थप्प्या असतात, हे ध्यानी घ्यावे. काम संपताच प्रत्येक फडके उघड्यावर एकेक सुटे पसरून पूर्ण वाळवावे, अथवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावे. हे काम मजुरावर न सोपविता घरच्या जबाबदार माणसाने सायंकाळी स्वतः पाहावे.

वार्षिक निगा

एवढे केल्यावर पुढील खर्च फार अल्प आहे. दर वर्षी अक्षय तृतीयेच्या सुमारास फळ्यांवर पाण्याचे थेंब टाकून पाहावेत. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर काही करावयास नको. जिरले तर धुऊन, सुकवून एक हात द्यावा. पावसाळ्यात कुंड्या थेट फळीवर ठेवू नयेत, विटांवर ठेवाव्यात. पन्हळीतील पाला काढावा. शेवाळ दिसू लागण्यापूर्वीच जागा कोरडी राखावी. शेवाळ हे अनंतकाय. ते एकदा माजले की पाऊल टाकणेही दोषाचे आणि घसरण्याचेही. ओल साचून वाळवी लागली की विषारी औषध फवारण्याची वेळ येते, व मग अहिंसेची चर्चा उशिराची ठरते. वेळेवर दिलेला तेलाचा एक हात ते सर्व टाळतो.

आमच्या संपूर्ण कामाचा खर्च स्लॅबच्या अंदाजपत्रकाच्या अष्टमांशाहूनही कमी आला. वहीत आपण दर वर्षी घसारा मांडतो. पण घसारा मांडल्याने वस्तू टिकत नाही, निगा राखल्याने टिकते. ज्या बंधूंच्या घरी असा सज्जा, जिना अथवा कडीपाट असेल, त्यांनी व्यापाऱ्यास भाव विचारण्यापूर्वी एक दाभण घेऊन खाली जावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.