अपडेटनंतर मोबाईलची बॅटरी लवकर संपतेय? दुकानात जाण्याआधी तीन दिवस थांबा, अन् एवढं तपासा

छत्रपती संभाजीनगर (ग्रामीण प्रतिनिधी) : "काल फोन अपडेट केला अन् आज दुपारीच बॅटरी संपली," ही तक्रार आता पारावर, दूध डेअरीवर अन् बाजारात रोजच ऐकायला मिळते. कुणी म्हणतं कंपनीनं मुद्दाम केलं, कुणी म्हणतं बॅटरी गेली, कुणी सरळ नवीन फोन घ्यायच्या तयारीला लागतं. खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं आणि ते शोधायला एक रुपयाही लागत नाही. ते कसं शोधायचं, ते या लेखात बघू.

आधी माझीच गोष्ट सांगतो. मागच्या खरिपात ई-पीक पाहणी करायची होती. आदल्या रात्री फोनवर अपडेटचा मेसेज आला. ओके दाबलं अन् झोपलो. सकाळी नऊला १०० टक्के चार्जिंग घेऊन शेतात गेलो. कपाशीच्या गटात फोटो काढला. तुरीच्या गटात पोहोचेपर्यंत एक वाजला. बघतो तर १२ टक्के. लोकेशन सापडायच्या आत फोन बंद! घरी आलो तर लाईट नव्हती. तो दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी एका दुकानात फोन दाखवला. पोरानं हातात घेतला न घेतला तोच सांगितलं, "काका, बॅटरी गेली. चौदाशे रुपये होतील." खिशात तेवढे नव्हते म्हणून परत आलो. तेच बरं झालं. चौथ्या दिवसापर्यंत फोन बराचसा ताळ्यावर आला होता. उरलेली गळती एका हवामानाच्या ॲपची निघाली. त्या ॲपला मीच कधीतरी "नेहमी लोकेशन वापरा" अशी परवानगी देऊन बसलो होतो. चौदाशे रुपये वाचले. तुरीची पाहणीही मुदतीत झाली.

ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर मोबाईलवर आली. सातबाऱ्यावर पीक लागलं नाही तर पुढं अनुदान, विमा, हमीभावाची खरेदी, सगळीकडं अडचण. पीएम किसानची केवायसी, बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी हेही फोनवरच. म्हणून शेतकऱ्याच्या फोनची बॅटरी ही आता पंपाच्या स्टार्टरइतकीच कामाची वस्तू झाली आहे.

विहीर, पाईप आणि गळती

बॅटरी म्हणजे विहीर समजा. पाणी कमी पडतंय म्हणून लगेच विहीर आटली असं आपण म्हणत नाही. आधी पाईपलाईन बघतो, व्हॉल्व्ह बघतो. फोनचंही तसंच आहे. अपडेटनंतर बॅटरी लवकर संपायची मुख्य कारणं तीन :

१) अपडेटनंतरचं तात्पुरतं काम. हे आपोआप थांबतं.
२) एखादं ॲप मागच्या मागं बॅटरी खातंय. ही गळती आपण बंद करू शकतो.
३) बॅटरी खरंच म्हातारी झाली. अशा वेळी मात्र खर्च करावा लागतो.

याच क्रमानं तपासायचं. आपण उलट्या क्रमानं जातो, म्हणून पैसे जातात.

पहिले दोन-तीन दिवस फोन काय करतो?

घर बदललं की पहिले चार दिवस सामान लावण्यातच जातात. मोठं अपडेट आलं की फोनचंही तेच होतं. फोनमधलं प्रत्येक ॲप नव्या सॉफ्टवेअरला जुळवून घ्यावं लागतं. गॅलरीतले हजारो फोटो परत मोजले जातात. प्ले स्टोअरवरून ॲप्सचेही अपडेट लागोपाठ उतरतात. हे सगळं स्क्रीन बंद असताना आतून चालू असतं. म्हणून फोन खिशात असूनही गरम लागतो अन् टक्के उतरत जातात.

ॲपल कंपनीनं २०२५ मध्ये आयओएस २६ सोबत ग्राहकांना हेच सांगितलं की, अपडेटनंतर काही काळ बॅटरीवर आणि फोनच्या तापण्यावर परिणाम दिसू शकतो आणि तो तात्पुरता असतो. अँड्रॉइडचंही गणित हेच आहे.

यावर उपाय सोपा. अपडेट झाल्यावर फोन एकदा बंद करून चालू करा. एक रात्र चार्जिंगला आणि जमलं तर वायफायवर ठेवा. काम लवकर उरकतं. दोन-तीन दिवस थांबा. त्यानंतरही तसंच चाललं असेल तर पुढची पायरी.

कोण खातंय ते बघा

सेटिंग्जमध्ये जा, बॅटरी उघडा, तिथं "बॅटरी युसेज" किंवा "बॅटरीचा वापर" असं लिहिलेलं असतं. कुठल्या ॲपनं किती टक्के बॅटरी खाल्ली त्याची यादी दिसते.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. युट्यूब वरती दिसलं अन् तुम्ही चार तास युट्यूब बघितलं असेल, तर तो युट्यूबचा दोष नाही. जे ॲप तुम्ही उघडलंच नाही तरी यादीत वर आहे, किंवा ज्याच्यापुढं "बॅकग्राउंड" असे तास दिसतात, ते खरं गळकं ॲप.

असं ॲप सापडलं की :

- प्ले स्टोअरवर त्याचं नवीन अपडेट आलंय का बघा, आलं असेल तर घ्या.
- सेटिंग्ज, लोकेशन, ॲप परवानगी इथं जाऊन "नेहमी" ऐवजी "ॲप वापरत असतानाच" करा.
- गरजेचं नसेल तर सरळ काढून टाका.

एका ॲपमुळं सगळा फोन बदनाम होतो, याचं मोठं उदाहरण २०२५ च्या मे महिन्यातलं. इन्स्टाग्राम ॲपमधल्या दोषामुळं अनेक अँड्रॉइड फोनची बॅटरी झपाट्यानं उतरत होती. लोक फोनला दोष देत होते. शेवटी इन्स्टाग्रामनं दुरुस्ती काढली आणि गुगलनं लोकांना ते ॲप अपडेट करायला सांगितलं. म्हणजे अपडेट कधी दुखणं असतं तर कधी औषधही असतं.

ॲपचं अपडेट वेगळं अन् फोनचं अपडेट वेगळं, हेही लक्षात ठेवा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अनेकांच्या फोनवर कॉल उचलायची स्क्रीन अचानक बदलली होती, आठवतं का? "फोन हॅक झाला" अशी गावोगाव चर्चा झाली. ते फोनचं अपडेट नव्हतंच. गुगलचं कॉल करायचं ॲप तेवढं आपोआप अपडेट झालं होतं.

शिवारातलं नेटवर्क, लपलेला चोर

आपल्याकडं आणखी एक कारण आहे, ते शहरातल्या माणसाला लवकर कळत नाही. टॉवर लांब असला की फोनला जास्त ताकद लावावी लागते. शेजारी बसलेल्या माणसाशी हळू बोललं तरी चालतं, पण दोन बांध पलीकडच्या गड्याला हाक मारायची तर घसा ताणावा लागतो. फोन शिवारात दिवसभर असाच घसा ताणत असतो. कन्नड, सोयगावच्या डोंगराकडच्या गावांत तर जास्तच.

त्यात फाईव्ह-जी. जिथं फाईव्ह-जी धड येत नाही तिथं फोन फोर-जी अन् फाईव्ह-जीमध्ये सारखा इकडून तिकडं उड्या मारतो. अपडेटनंतर नेटवर्कची सेटिंग बदलली असेल तर हे नव्यानं सुरू होऊ शकतं. सेटिंग्ज, मोबाईल नेटवर्क, पसंतीचं नेटवर्क इथं जाऊन फोर-जी म्हणजे एलटीई निवडून दोन दिवस बघा. शेतात रेंजच नसेल अन् कुणाचा फोन यायचा नसेल तर तेवढा वेळ फ्लाईट मोड लावा.

बॅटरीच म्हातारी झाली असेल तर

बॅटरीला आयुष्य असतं. शून्यापासून शंभरपर्यंत जेवढं चार्जिंग होईल ते एक चक्र. आज ५० टक्के अन् उद्या ५० टक्के चार्ज केलं तरी मिळून एकच चक्र धरतात. ॲपलच्या सांगण्यानुसार आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनच्या बॅटरीत ५०० चक्रांनंतर मूळ ताकदीच्या ८० टक्के ताकद राहावी अशी रचना आहे, आयफोन १५ पासून १,००० चक्रांनंतर. रोज एक चक्र धरलं तर ५०० चक्रं म्हणजे दीड वर्षाच्या आतच. म्हणजे तीन वर्षांच्या फोनची बॅटरी थकलेली असणं साहजिक आहे. अपडेटचं जादा काम पडलं की ते फक्त उघडं पडतं.

ऊन हा बॅटरीचा मोठा वैरी. मे महिन्यात ट्रॅक्टरच्या बोनेटवर, गाडीच्या काचेजवळ किंवा खाटेवर गोधडीखाली चार्जिंगला फोन ठेवू नका.

बॅटरी थकल्याच्या खुणा अशा : ३० टक्क्यांवरून एकदम बंद पडणं, चार्जिंगला लावताच टक्के उड्या मारणं, मागचं झाकण फुगणं. फुगलेली बॅटरी असेल तर एक दिवसही वापरू नका, दाबू नका, टोचू नका. नवीन टाकताना शक्यतो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची घ्या. बाहेरची घेतली तर बीआयएसचं चिन्ह अन् आर पासून सुरू होणारा नोंदणी नंबर बघा. बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

कंपनीची चूक असू शकते का? हो, झालेली आहे

लोकांचा संशय अगदीच खोटा नाही. ॲपलनं २०१७ मध्ये कबूल केलं की जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून अपडेटमधून त्यांचा वेग कमी केला होता. ग्राहकांना हे नीट सांगितलं नव्हतं. कंपनीला माफी मागावी लागली, बॅटरी बदलण्याचा दर कमी करावा लागला. इटलीत २०१८ मध्ये अपडेटमुळं फोन मंद झाले म्हणून ॲपलला १ कोटी युरो अन् सॅमसंगला ५० लाख युरो दंड झाला. गुगलनं २०२५ मध्ये पिक्सल ४ए आणि पिक्सल ६ए या फोनसाठी अशी अपडेट दिली की काही फोनच्या बॅटरीची क्षमताच कमी केली गेली. ६ए मध्ये कारण होतं बॅटरी जास्त तापण्याचा धोका, आणि ४०० चक्रं झालेल्या फोनला ती लागू झाली. त्या ग्राहकांना मोफत बॅटरी किंवा भरपाईचा पर्याय द्यावा लागला.

म्हणून अपडेटच्या आधी अन् नंतर बॅटरी किती तास चालते ते लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटर, तिथं दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही, पण तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

हे अजिबात करू नका

- लगेच फॅक्टरी रीसेट मारू नका. फोटो, व्हॉट्सॲप सगळं जातं, फोन-पे, गुगल-पे परत जोडावं लागतं. हा शेवटचा उपाय, तोही बॅकअप घेऊनच.
- "बॅटरी डॉक्टर", "क्लीनर" असली ॲप घेऊ नका. तीच मागं चालत राहतात अन् बॅटरी खातात.
- व्हॉट्सॲपवर "सिस्टीम अपडेट", "पीएम किसान", "चलन" अशा नावानं एपीके फाईल आली तर उघडू नका. खरं अपडेट फक्त फोनच्या सेटिंग्जमधून नाहीतर प्ले स्टोअरवरून येतं. अशा फाईलमुळं खातं रिकामं होऊ शकतं. चूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.
- बॅटरीच्या भीतीनं अपडेट कायमचं बंद करू नका. सुरक्षा अपडेट म्हणजे कुंपणातली भगदाडं बुजवणं. ज्या फोनवर बँक आहे त्याला हे लागतंच.

कामाच्या दिवसाआधी

पाहणी, केवायसी, बँकेचं काम असेल तर आदल्या तीन दिवसांत मोठं अपडेट घेऊ नका. "नंतर" दाबा, अन् काम झाल्यावर नक्की घ्या. अपडेट रात्री, लाईट असताना, ५० टक्क्यांवर चार्जिंग असतानाच लावा. शेतात जाताना स्क्रीनचा उजेड कमी ठेवा. पण पाहणीचा फोटो काढताना बॅटरी सेव्हर बंद अन् लोकेशन चालू असू द्या.

पॉवर बँक घेत असाल तर एक हिशेब लक्षात ठेवा. डब्यावर १०,००० एमएएच लिहिलेलं असलं तरी फोनपर्यंत साधारण ६,००० च्या आसपासच पोहोचतं, बाकी विजेचा दाब बदलण्यात आणि उष्णतेत जातं. म्हणजे ५,००० ची बॅटरी एकदा पूर्ण भरेल, दोनदा नाही.

पैठण गेटला फोन घेऊन जायचं म्हणजे एसटीचं भाडं, मजुरीचा दिवस अन् वर दुरुस्तीचा खर्च. त्याआधी घरातल्या घरात तीन दिवस थांबून ही तपासणी करा. घरातल्या कॉलेजच्या पोराला किंवा पोरीला शेजारी बसवा, दहा मिनिटांचं काम आहे. आणि ज्येष्ठ मंडळींच्या फोनमधलं लोकेशन अन् बॅटरीची यादी एकदा तुम्हीच बघून द्या. त्यांचा फोन बंद पडला की ते कुणाला सांगत नाहीत, नुसते वाट बघत बसतात.