काम नसतानाचा बाटला

जहाजाच्या वर्कशॉपला लागणारा ऑक्सिजनचा सिलिंडर साधारण दीड मीटर उंच आणि २३ सेंटिमीटर व्यासाचा असतो. सपाट जमिनीवर तो आपल्या वजनाने निमूट उभा राहतो. पण भूमितीचा साधा हिशेब मांडला, तर जेमतेम नऊ अंश कलला की तो आडवा होणार हे कळते. पावसाळ्यात अरबी समुद्रात जहाज एका बाजूला वीस अंश झुकले, तर खलाशांच्या लेखी ती बातमीही नसते. किनाऱ्यावर ज्याला ‘उभा करून ठेवला’ म्हणतात, त्याला भर समुद्रात ‘पडायला ठेवला’ म्हणावे लागेल. त्या ४७ लिटरच्या पोलादी पोटात १५० बार दाबाने सुमारे सात घनमीटर वायू कोंबलेला असतो. पडताना मानेवरचा पितळी व्हॉल्व्ह तुटला आणि दहा मिलिमीटरचे भोक उघडे पडले, तर बाहेर झेपावणारा वायू सिलिंडरला शंभर किलोहून अधिक जोराने उलट दिशेला ढकलतो. रिकाम्या सिलिंडरचे वजन याच्या निम्म्याच्या आसपास. इंजिनरूमच्या बंदिस्त जागेत तो कुठे आदळेल, हे मग कुणाच्याच हातात राहत नाही.

तरीही सिलिंडरविषयीचे बहुतेक बोलणे वापराभोवती फिरते. टॉर्च कसा पेटवावा, चष्मा कोणता घालावा, आगीच्या कामाच्या परवान्यावर कुणी सही करायची, याची नियमावली लांबलचक आहे आणि ती हवीच. पण कामाच्या वेळी सिलिंडरजवळ एक जागा माणूस असतो. फिटरचे लक्ष ज्योतीवर असते, मदतनीस अग्निशामक घेऊन उभा असतो, सेकंड इंजिनिअरला काम चालू असल्याचे ठाऊक असते. जहाजावरच्या सिलिंडरचा खरा धोका साठतो तो काम थांबल्यावर, म्हणजे रात्रभर, बंदरापासून बंदरापर्यंत आणि काही सिलिंडरांच्या बाबतीत तर वर्षानुवर्षे. म्हणून सुरक्षिततेची परीक्षा सिलिंडर वापरताना घेण्यापेक्षा तो नुसता पडून असताना घ्यायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

ॲसिटिलिनचेच पाहा. हा वायू नुसता दाबून भरता येत नाही. दीड बारच्या पुढे मोकळा ॲसिटिलिन दाबला, तर हवा किंवा ठिणगी नसतानाही तो स्वतःच विघटन पावून स्फोट करू शकतो. म्हणून त्याच्या सिलिंडरमध्ये आधी सच्छिद्र भरण ठासतात, त्यात ॲसिटोन मुरवतात आणि सोड्याच्या बाटलीत वायू विरघळतो तसा ॲसिटिलिन त्या ॲसिटोनमध्ये विरघळवतात. हे तंत्र समुद्राच्या कामी आणण्यात स्वीडनचे गुस्ताफ दालेन यांचा मोठा वाटा. त्यांनी दीपगृहांचे आणि बोयांचे दिवे ॲसिटिलिनवर आपोआप चालवून दाखवले आणि त्याबद्दल १९१२चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. त्याच वर्षी ॲसिटिलिनच्या सिलिंडरची चाचणी घेताना झालेल्या स्फोटात त्यांची दृष्टी कायमची गेली. या वायूची नस त्यांच्याइतकी ओळखणारा माणूस तेव्हा विरळाच असेल. ‘आमचे लोक अनुभवी आहेत, त्यांना शिकवायला नको’ असे म्हणणाऱ्याने हे उदाहरण ध्यानात ठेवावे. जाणकारी माणसाला सावध करते, वायूचा स्वभाव मात्र बदलत नाही. तो सांभाळायचा तर जागा आणि शिस्त यांनीच. ॲसिटिलिनचा सिलिंडर आडवा ठेवला, तर वायूबरोबर ॲसिटोनही बाहेर ओढला जातो. त्याच्या वाटेत तांब्याची नळी बसवली, तर हलक्या धक्क्यानेही भडकणारे ॲसिटिलाइड तयार होते. या दोन्ही चुका करायला टॉर्च पेटवावा लागत नाही.

आता कापकाम संपतानाचे पाहू. फिटर टॉर्चच्या दोन्ही चाव्या बंद करतो, ज्योत विझते. घाईत असेल तर तो नळ्या गुंडाळून खिळ्याला टांगतो आणि जेवायला जातो. वरवर पाहता काम संपले. पण सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडाच असेल, तर रेग्युलेटरपासून टॉर्चपर्यंतची रबरी नळी दाबाखाली राहते. तिची एखादी क्लिप ढिली असली की रात्रभर वायू झिरपत राहतो. नीट बंद करण्याची रीत वेगळी आहे. आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह आवळायचा, मग टॉर्चच्या चाव्या एकेक करून उघडून नळीतला वायू सोडायचा, दोन्ही काटे शून्यावर आलेले डोळ्यांनी पाहायचे आणि शेवटी रेग्युलेटरचा स्क्रू सैल करायचा. एवढ्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. ती वाचवल्याची किंमत मोठी असू शकते. हवेत अडीच टक्के ॲसिटिलिन मिसळला तरी ते मिश्रण ठिणगीची वाट पाहू लागते. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण तो साठलेल्या जागेत बॉयलरसूट कापसासारखा पेट घेतो आणि व्हॉल्व्हला लागलेले ग्रीस काडीविना पेटू शकते. १३ फेब्रुवारी २०१८ रोजी कोचीन शिपयार्डमध्ये दुरुस्तीला आलेल्या ‘सागर भूषण’ या ड्रिलशिपवर स्फोट होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. चौकशीचा रोख गळून साठलेल्या ॲसिटिलिनकडे गेला. जहाजांवर ऑक्सिजन आणि ॲसिटिलिन यांच्यासाठी उघड्या डेकवरून दार असलेल्या, हवेशीर, वेगवेगळ्या खोल्या का बांधतात आणि तिथून वर्कशॉपपर्यंत पोलादी पाइप टाकून वाटेत ज्योत उलटी शिरू न देणारे फ्लॅशबॅक अरेस्टर का बसवतात, याचे कारण यात आहे. गळती होणारच असे गृहीत धरून ती कुठे व्हावी, हे आधीच ठरवलेले असते.

निवांत पडलेल्या सिलिंडरचे सर्वांत टोकाचे रूप म्हणजे कार्बन डायऑक्साइडची सीओटू रूम. इंजिनरूमला आग लागली की हा वायू एकदम सोडून ती गुदमरवायची, अशी ही योजना. प्रत्येक सिलिंडरमध्ये ४५ किलो कार्बन डायऑक्साइड असतो आणि मोकळा झाल्यावर त्याचा सुमारे २५ घनमीटर वायू होतो. पाच हजार घनमीटरच्या इंजिनरूमला ३५ टक्क्यांच्या हिशेबाने असे ७० सिलिंडर लागतात, आणि नियमानुसार त्यातला ८५ टक्के वायू दोन मिनिटांत आत पोहोचला पाहिजे. आग शमवणारी ही हवा माणसालाही मिनिटभरात बेशुद्ध पाडते. म्हणून वायू सोडायला दोन वेगळ्या कृती कराव्या लागतात आणि त्याआधी माणसांना बाहेर पडता यावे म्हणून भोंगा वाजतो. अनेक जहाजांच्या सबंध आयुष्यात ही यंत्रणा एकदाही वापरली जात नाही. तरीही ती माणसे मारते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००० साली जमिनीवरच्या आणि जहाजांवरच्या अशा अपघातांचा आढावा घेतला, तेव्हा बहुतेक अपघात आगीत नव्हे, तर देखभाल, दुरुस्ती आणि चाचणीच्या वेळी घडल्याचे दिसले. शिवाय हा वायू उष्णतेलाही हळवा आहे. वीस अंशांना ५७ बारच्या आसपास असलेला दाब पन्नास अंशांना दुपटीच्या वर जातो. ती खोली थंड ठेवणे, तिथे हवा खेळती ठेवणे आणि रंगाचे डबे किंवा दोरखंड तिच्यात न कोंबणे ही कामे कुणाच्या शौर्यकथेत येत नाहीत, पण यंत्रणेची भिस्त त्यांच्यावरच असते.

सिलिंडर बंदरात बदलले जातात, तेव्हा आणखी एक फसगत वाट पाहत असते, ती रंगांची. आपल्याकडे औद्योगिक ऑक्सिजनचा सिलिंडर काळा असतो. युरोपीय मानकानुसार काळा खांदा नायट्रोजनचा आणि पांढरा ऑक्सिजनचा, तर अमेरिकेत ऑक्सिजन हिरव्या सिलिंडरात मिळण्याचा रिवाज. मुंबईत चढलेला फिटर रॉटरडॅममध्ये आलेला बाटला रंगावरून ओळखू गेला, तर घोटाळा ठरलेलाच. म्हणून लेबल वाचल्याखेरीज रेग्युलेटर लावू नये. ज्वलनशील वायूच्या सिलिंडरचे आटे उलटे पाडलेले असतात तेही याच गोंधळावरचा उतारा म्हणून. चावी बसत नसेल, तर जोर लावण्याऐवजी थांबायचे. रिकाम्या सिलिंडरबाबतही अशीच फसगत होते. ‘रिकामा’ म्हटलेल्या सिलिंडरात थोडा वायू उरलेलाच असतो, पण त्याला साखळी लावायचा आणि कॅप चढवायचा कंटाळा मात्र हमखास केला जातो.

यावर पहिला आक्षेप असा की सिलिंडर काही पत्र्याचा डबा नाही. तो कसोटीला उतरलेला असतो. खरे आहे. भारतात हा कारभार १८८४च्या स्फोटक कायद्याखालील गॅस सिलिंडर नियमांनुसार चालतो आणि तो पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. ठरावीक वर्षांनी सिलिंडरात पाणी भरून, नेहमीहून जास्त दाब देऊन तो तपासतात आणि चाचणीची तारीख त्याच्या खांद्यावर ठोकतात. पण ही चाचणी पोलादाची असते. साखळीची, खोलीतल्या पंख्याची, खाऱ्या वाऱ्यात गंजणाऱ्या बुडाची रोजची चाचणी नागपूरहून कुणी येऊन घेणार नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जहाजावरची माणसे कमी झाली, कागद वाढले, आता आणखी एक तपासणीयादी कशाला? कागदाला कंटाळलेल्या माणसाशी माझे भांडण नाही. काम चालू असतानाच्या परवान्याला चार सह्या आणि काम संपल्यावर काटे शून्यावर आले का हे पाहायला एकही माणूस नेमलेला नाही, हे वाटप चुकीचे आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. यादी वाढवू नका, तिचे वजन फिरवा. तिसरा आक्षेप म्हणजे, गॅसच नको, दुरुस्ती बंदरातच करू. पण भर समुद्रात फुटलेला, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पाइप बंदराची वाट पाहत नाही आणि इंजिन बंद पडलेले जहाज वादळात सिलिंडरापेक्षा कितीतरी धोक्याचे ठरते. वायू जहाजावर राहणार आहे, तेव्हा त्याला नीट ठेवायलाच शिकले पाहिजे.

हा मुद्दा मोठ्या जहाजांपुरता नाही. सोलास या आंतरराष्ट्रीय करारानुसार स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर उघड्या डेकवर किंवा फक्त डेककडे उघडणाऱ्या हवेशीर जागेत ठेवावे लागतात. मासेमारीच्या बोटी मात्र या कराराच्या जवळजवळ बाहेरच आहेत, आणि खोल समुद्रात काही दिवस राहणाऱ्या ट्रॉलरवर चूल पेटवायला सिलिंडर लागतोच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. केबिनमध्ये गळला, तर तो वर निघून न जाता फळ्यांच्या फटींतून बोटीच्या तळाशी उतरतो आणि इंजिनाच्या बाजूला साठतो. त्यावरचा उपाय सोपा आहे. सिलिंडर केबिनबाहेर सावलीत बांधायचा आणि जेवण उरकल्यावर शेगडीची कळ बंद करून न थांबता सिलिंडरचीही बंद करायची. जहाज असो की ट्रॉलर, तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याने वापराची वही चाळण्याआधी सिलिंडरच्या खोलीचे दार उघडावे. सुट्टीच्या दिवशी, कुणी काम करत नसताना तिथल्या साखळ्या ताणलेल्या, कॅप चढलेल्या आणि व्हॉल्व्ह बंद आढळले, तर कामाच्या दिवसाची चिंता निम्म्याने कमी झाली असे समजायला हरकत नाही.