फळ्यावर खडू टेकण्याआधी

जून उजाडला की जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी आणि बाई आधी कारकून होतात, मग शिक्षक! महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी शाळा जूनच्या मध्याला उघडते. विदर्भात उन्हामुळे थोडी उशिरा. प्रवेशोत्सव, फुगे, बालभारतीची नवी पुस्तकं, गणवेशाची मापं... हे सगळ्यांना दिसतं.

मला मात्र सगळ्यात भारी वाटतं ते जनरल रजिस्टर. पहिलीत आलेल्या पोराचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात त्यात एकदा चढली की तीच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते. जातपडताळणीसाठी लोक आजोबांच्या शाळेत जाऊन हीच जुनी नोंद शोधतात. एखादा काना-मात्रा चुकला तर त्या पोराच्या नशिबी मोठेपणी हेलपाटे! म्हणून अनुभवी बाई जन्मदाखला समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहतात.

हीच माहिती परत यूडायस प्लस या सरकारी पोर्टलवर भरायची, आधारशी जुळवायची. (रेंज असेल तर.) शिवाय पोषण आहाराचा रोजचा हिशेब: पाचवीपर्यंत मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवी 150. मधूनच पहिलीतलं कुणीतरी भोकाड पसरतं.

पालकांनो, जन्मदाखल्याची आणि आधारची झेरॉक्स पहिल्याच आठवड्यात नेऊन द्या. आणि रजिस्टरातलं स्पेलिंग तिथेच उभं राहून वाचा!