तळाच्या संघाचा चषक

इंग्लंडमधला एखादा फुटबॉल क्लब खालच्या श्रेणीत घसरला की त्याच्या चाहत्यांच्या बोलण्यात लवकरच एखादा जुना चषक-सामना येतो. सुरुवात गुणतालिकेपासून आणि मालकाने विकत न घेतलेल्या बचावपटूपासून होते. थोड्या वेळाने गाडी १९७३ वर, १९८७ वर नाहीतर २०१३ वर येऊन थांबते. मनाची समजूत घालण्याचा प्रकार म्हणून या बोलण्याची बोळवण केली जाते. मला त्यात पक्की समज दिसते. वर्षभरातल्या अडतीस सामन्यांत संघ एकूण कसा खेळला ते लीग सांगते, आणि त्याच संघाची मजल एका दिवसात कुठवर जाऊ शकते ते चषक सांगतो. चाहत्यांना दोन्ही ठाऊक असतं आणि एकासाठी ते दुसरं सोडून देत नाहीत.

विगन अॅथलेटिकचं उदाहरण याबाबतीत सगळ्यांत बोलकं आहे. रग्बी लीगच्या या गावातल्या फुटबॉल क्लबला १९७८पर्यंत फुटबॉल लीगमध्ये प्रवेशही नव्हता. ११ मे २०१३ रोजी वेम्ब्लीवर एफए चषकाच्या अंतिम सामन्यात समोर होता आदल्या वर्षीचा लीग-विजेता मँचेस्टर सिटी. विगनचा संघ मैदानात आला तेव्हा प्रशिक्षक रॉबेर्तो मार्टिनेझ यांच्यासोबत क्लबचे मालक डेव्ह व्हेलन चालत होते. १९६० साली याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्नकडून खेळताना त्यांचा पाय मोडला होता. शेवटच्या दहा मिनिटांत बेन वॉटसन बदली खेळाडू म्हणून उतरला. त्याच मोसमात पाय मोडल्यामुळे तोही कित्येक महिने बाहेर होता. सिटीच्या झबालेटाला लाल कार्ड मिळालं आणि भरपाई वेळेत मलोनीच्या कॉर्नरवर वॉटसनने हेडर मारून सामना १-० असा जिंकून दिला. तीनच दिवसांनी आर्सेनलकडून ४-१ अशी हार झाली आणि विगन प्रीमियर लीगमधून बाहेर पडलं. एकाच मोसमात एफए चषक जिंकून खालच्या श्रेणीत गेलेला हा पहिला क्लब.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: चषकाच्या नादात लीग हातची गेली. पण विगनने त्या मोसमात लीगमध्ये ७३ गोल खाल्ले होते, आणि घरच्या मैदानावर स्वान्सीकडून ३-२ असा घातक पराभव झाला तो अंतिम सामन्याच्या चार दिवस आधी. बचाव वर्षभर गळत होता. वेम्ब्लीवर न जाता तो बुजला असता, हे पटत नाही. ब्रायटनचंही तसंच. १९८३च्या अंतिम सामन्यात त्यांनी मँचेस्टर युनायटेडला २-२ असं रोखलं तेव्हा त्यांची घसरण आधीच पक्की झालेली होती. बर्मिंगहॅम सिटीच्या बाबतीत मात्र आक्षेपात थोडं तथ्य असेल: फेब्रुवारी २०११मध्ये आर्सेनलला हरवून त्यांनी लीग चषक उचलला आणि मे महिन्यात ते खाली गेले. तरीही एखाद्या उदाहरणावरून नियम बनत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. श्रेणी गेली की प्रक्षेपणाचा पैसा आटतो, तिकीटखिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत काम करणाऱ्यांच्या नोकऱ्या जातात. आठवणींवर पगार होत नाहीत. पोर्ट्समथने २००८ साली चषक जिंकला तो झेपणार नाही एवढा खर्च करून. दोन वर्षांत क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेला, नऊ गुण कापले गेले, आणि २०१३पर्यंत तो चौथ्या श्रेणीत पोहोचला. म्हणून कुठल्याही किमतीला चषक हवाच, असं मी म्हणणार नाही. पण त्याच २०१३मध्ये पोर्ट्समथच्या चाहत्यांनी आपल्या खिशातले पैसे घालून, ट्रस्टमार्फत क्लब विकत घेतला. नुसता ताळेबंद पाहणाऱ्या कुणी त्या कागदांना हात लावला नसता. त्यांनी लावला, कारण क्लब म्हणजे त्या वर्षीची श्रेणी नव्हे, हे त्यांना पुरतं कळलेलं होतं.

मग घसरणच बंद करावी, असा उपाय सुचवला जातो. आर्थिक स्थैर्य त्यातून येईल हे मान्य, पण चषकाचा अर्थही त्याबरोबर जाईल. विगन २०१८ साली तिसऱ्या श्रेणीत होतं. विल ग्रिगच्या एका गोलने त्यांनी पुन्हा मँचेस्टर सिटीला स्पर्धेबाहेर काढलं, आणि तो सामना एवढा मोठा झाला तो मधल्या श्रेणींचं अंतर खरं होतं म्हणून. तळाच्या संघाला वर चढायची वाट आहे आणि वरच्याला पडायची भीती आहे, तोवरच अशी लढत नुसत्या नवलाच्या पलीकडे जाते.

गोव्यातल्या वाचकांना हा प्रश्न परका नाही. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला डेम्पो २०१५मध्ये आय-लीगमधून खाली घसरला आणि पुढच्याच मोसमात दुसरी श्रेणी जिंकून परतीचा हक्क त्याने मैदानावर मिळवला. तेवढ्यात आय-लीगला दुय्यम स्थान देणारा आणि इंडियन सुपर लीगची दारं बंद ठेवणारा आराखडा पुढे आला. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांच्याप्रमाणे डेम्पोनेही २०१६ साली राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. घसरणीचा धक्का डेम्पोने एका वर्षात पचवला होता. माघार घ्यायला लावलं ते वर जाण्याची वाट बंद झाल्याने.