काळ्या पडद्यावरची कीर्द

जिन्यात दुधाच्या भावावरून बोलणं चाललं होतं. सगळ्या जणी अंदाजाने आकडे सांगत असताना तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "२०२१ च्या जूनमध्ये आमच्या दुधाचे एकवीसशे साठ झाले होते, यंदाच्या जूनमध्ये पंचवीसशे वीस. दूध तेव्हाही रोज दीड लिटर, आताही दीडच." इतका नेमका आकडा निघतो तेव्हा त्यामागे वही असते. ती बघायला मी त्यांच्याकडे गेले.

वही नव्हतीच. भाच्याने दिलेला जुना लॅपटॉप, त्यात एक साधी टेक्स्ट फाइल आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालवायचा 'एच-लेजर' नावाचा प्रोग्रॅम. मिरजेच्या एका पतसंस्थेत काकूंनी सत्तावीस वर्षं कीर्द-खतावणी लिहिली. निवृत्तीनंतर त्या घरचा हिशेब या फाइलमध्ये लिहितात.

नोंद तीन ओळींची. वर तारीख आणि कारण. खाली पैसे कुठे गेले ते खातं, त्याखाली कुठून आले ते. एका ओळीत रक्कम लिहिली की दुसरीतली प्रोग्रॅम स्वतः काढतो. दोन्ही बाजूंची बेरीज शून्य आली नाही तर अहवाल देतच नाही, चुकलेली नोंद दाखवून थांबतो. 'खर्च:घर:दूध' अशी खाती काकूंनी मराठीतच उघडली आहेत. काळ्या पडद्यावर मराठी अक्षरांमुळे रकाने जरा इकडेतिकडे सरकतात, त्याची त्यांना सवय झाली आहे.

जॉन विगली यांनी २००३ मध्ये 'लेजर' नावाचा असा प्रोग्रॅम लिहिला, आणि सायमन मायकल यांनी २००७ मध्ये त्याच धर्तीवर 'एच-लेजर' सुरू केला. दोन्ही मोफत. दुहेरी नोंदीची रीत मात्र इटलीतल्या व्यापाऱ्यांची. लुका पाचोलीने ती १४९४ मध्ये छापील ग्रंथात मांडली. काकूंना ही रीत शिकवावी लागली नाही. अडल्या त्या एकाच ठिकाणी. पहिल्यांदा सगळ्या खात्यांची बाकी काढली तेव्हा पेन्शन वजा चिन्हाने आली. "माझी पेन्शन उणे कशी?" त्यांनी भाच्याला फोन लावला. इथे नावे आणि जमा असे दोन रकाने नसतात. नावे बाजू अधिक, जमा बाजू उणे. पेन्शन बँक खात्यात अधिक होते, म्हणून उत्पन्न खात्यात तेवढीच उणे. "मग ही तेरीजच की," काकू म्हणाल्या आणि पुढे काही विचारलं नाही.

महिनाअखेरीला मी मुद्दाम गेले. बँकेची बाकी मेसेजवर मागवून त्यांनी ती फाइलमध्ये त्या तारखेपुढे बरोबरच्या चिन्हाने लिहिली. म्हणजे या दिवशी खात्यात एवढे असलेच पाहिजेत, असं प्रोग्रॅमला बजावायचं. त्याने ऐकलं नाही. दोनशे छत्तीस रुपयांचा फरक दाखवून थांबला.

दोनशे छत्तीस. औषधं? ती रोखीने घेतली होती. गॅस? त्याची नोंद होती. मोबाइलचं रिचार्ज? तेही होतं. मी म्हटलं, "काकू, 'इतर खर्च' म्हणून टाका ना. दोनशे छत्तीस तर आहेत." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "इतर हे खातं मी उघडलेलंच नाही. संस्थेत ज्याला ज्याला लपवायचं असायचं, तो तो 'किरकोळ'मध्ये टाकायचा." त्या रात्री फाइल तशीच अडलेली ठेवली.

दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन यंत्रावर पासबुक भरून आणलं. एटीएम कार्डाचं वार्षिक शुल्क: दोनशे रुपये, वर अठरा टक्के जीएसटीचे छत्तीस. कार्ड गेल्या वर्षी खात्याबरोबर आलेलं, पहिलं वर्ष फुकट. काकूंनी ते एकदाही वापरलं नव्हतं. त्यांनी शुल्क एका खात्यात, कर दुसऱ्यात अशी नोंद केली, बाकी जुळली, आणि त्याच आठवड्यात कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला.

मेसेज वाचून खर्चाचे रंगीत गोल काढणारी ॲप्स मला माहीत आहेत. तिथे हे दोनशे छत्तीस कुठल्या तरी गोलात गेले असते आणि कुणाला काही कळलं नसतं. भाचा म्हणतो, बँकेतून उतारा उतरवून आपोआप नोंदी करता येतील. प्रोग्रॅमला ते येतंही. काकू नको म्हणतात आणि मला त्यांचं पटतं. संध्याकाळी प्रत्येक रक्कम हाताने लिहिणाऱ्या माणसाला आपला पैसा कुठे गेला हे अहवालाच्या आधीच ठाऊक झालेलं असतं. शिवाय ही फाइल कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर नाही. उद्या प्रोग्रॅम बंद पडला तरी ती कुठल्याही संगणकावर उघडेल आणि डोळ्यांनी वाचता येईल.

सोनं त्यांनी ग्रॅममध्येच लिहिलं आहे. भाव दिल्याशिवाय प्रोग्रॅम ग्रॅम आणि रुपये एकत्र करत नाही, एकूण बेरीज विचारली तर दोन ओळी दाखवतो. काकूंनी भाव दिलेला नाही. "विकायचं नाही, तर किंमत कशाला?"

आता गल्लीतल्या बचत गटाची वेगळी फाइल त्यांनी सुरू केली आहे. प्रत्येक सभासदाच्या कर्जाचं 'येणे' खाली स्वतंत्र खातं. पूर्वी कुणाकडे किती बाकी आहे हे महिन्याच्या सभेत वही उघडल्यावर कळायचं, आता कुणीही दारात येऊन विचारावं, काकू एक ओळ टाइप करून सांगतात. सगळ्यांच्या येणे-बाकीची यादी छापून सभेच्या खोलीत लावावी का, यावर मात्र गटात अजून वाद आहे. काही जणींना घरच्यांना कळेल याची भीती वाटते. काकू लावावी म्हणतात. एरवी सगळं पटलं तरी या बाबतीत मी त्या घाबरणाऱ्या बायकांच्या बाजूची आहे, आणि ते मी काकूंना सांगितलंही आहे.