पहिलं पाणी मातीला

गुड फ्रायडेची दुपार, दोन वाजून गेलेत. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या या जुन्या चर्चच्या मागच्या अंगाला एक वयस्कर सिस्टर स्टुलावर बसून कपडे धुताहेत. कपडे म्हणजे पांढऱ्या सुती कापडाचे हातरुमालाएवढे तुकडे. काल संध्याकाळच्या मिस्साला वेदीवर वापरलेले. एकेक तुकडा पातेल्यात बुचकळायचा, हलक्या हाताने चोळायचा, पिळायचा. साबण नाही. हाताशीच नळ आहे, मोरी आहे. पण सिस्टर पातेलं उचलतात, लंगडत चार पावलं जातात आणि सगळं पाणी केळीच्या बुंध्याशी ओततात.

"मोरीत का नाही ओतलंत, सिस्टर?"

"पहिलं पाणी गटारात जात नाही, बाबा. प्याला पुसलेलं कापड आहे हे. आता दुसऱ्या पाण्याला साबण लावीन. मग मशीनमध्ये टाकलं तरी चालतं."

वेदीवर अर्पण झालेला द्राक्षारस म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, ही कॅथलिकांची श्रद्धा. त्याचा एखादा थेंब कापडात राहिला असेल तर तो सांडपाण्यात जाऊ द्यायचा नाही. म्हणून पहिलं पाणी थेट मातीत ओततात, किंवा ज्याची नळी जमिनीत उतरते अशा खास कुंडीत. इथे सिस्टरांवर लक्ष ठेवायला कुणी नाही. मी नसतो आणि पाणी मोरीत गेलं असतं, तरी कुणाला पत्ता लागला नसता. आज उपासही आहे. तो १८ ते ५९ वयाच्या माणसांना बंधनकारक, यांना केव्हाच सूट मिळालेली. तरी सकाळपासून नुसत्या चहावर आहेत.

आत माणसं जमू लागलीत. वाडीतून, बाजारातून, काही थेट रात्रपाळी संपवून आलेली. वेदी उघडी आहे. चादर नाही, फुलं नाहीत, मेणबत्त्या नाहीत. एरवी कुलूपबंद असणारा पवित्र कोश आज सताड उघडा आणि आतून रिकामा. जवळचा दिवाही विझलेला. कालच्या मिस्सातल्या गौरवगीतानंतर घंटा गप्प झाल्यात. त्या उद्या रात्रीच वाजतील. तोवर काम लाकडी खटखट्यावर भागवायचं.

तीनच्या ठोक्याला फादर येतात. लाल झगा, पुढे गाणं नाही, की-बोर्ड नाही. वेदीसमोर येतात आणि सरळ फरशीवर पालथे पडतात. कपाळ जमिनीला. बसलेले सगळे गुडघ्यांवर. माझ्या पुढच्या बाकावरच्या तरुणाने मोबाइल वर केलाय. शेजारची मावशी त्याच्याकडे न बघताच त्याचा दंड खाली दाबते. वर्षभर याच फादरांना आपण लग्नाच्या तारखांवरून, पार्किंगवरून, स्मशानाच्या भिंतीवरून हुज्जत घालताना बघतो. तेच आता सगळ्यांदेखत मातीसारखे पडलेत. मिनिट जातं, दुसरं जातं. पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येते.

मग योहानाच्या शुभवर्तमानातली दुःखसहनाची कथा. तिघे वाचताहेत, पिलाताचं वाचणाऱ्या काकांचा आवाज जरा जास्तच दणदणीत. येशू प्राण सोडतो त्या ओळीला वाचन थांबतं आणि अख्खं चर्च खाली जातं. त्यानंतर दहा विनवण्या. चर्चसाठी, पोपसाठी, ज्यू लोकांसाठी, ख्रिस्ताला न मानणाऱ्यांसाठी, देवच न मानणाऱ्यांसाठी, राज्यकर्त्यांसाठी, अडल्यानडल्यांसाठी. दरवेळी गुडघे टेका, गप्प राहा, उठा. सहाव्या-सातव्या वेळेला म्हाताऱ्यांचे सांधे कुरकुरतात, बाकांना धरून उठणं सुरू होतं. बसून राहायला कुणाची हरकत नाही, तरी फारसं कुणी बसत नाही. मला ही सगळी उठबस फार आवडते. नास्तिकासाठी गुडघे दुखवून घेणारी प्रार्थना सहसा ऐकायला मिळत नाही. चौकाचौकांत कर्णे लावून, रंगवलेलं रक्त सांडून होणारे दुःखसहनाचे देखावे मी पाहिलेत. त्यांनी डोळ्यांत पाणी येतं खरं, पण ते नटाच्या कौतुकाचंही असू शकतं.

आता क्रूस आणतात. माणसाच्या उंचीचा, साधा, सागवानी. फादर लाल झगा उतरवतात, खाली वाकून बूट काढतात, मोजे काढतात. जळत्या झुडपापुढे मोशेने पायताण काढलं तसं. अनवाणी चालत जाऊन ते क्रुसाला ओठ टेकतात आणि बाजूला होतात.

रांग लागते. पहिली काही माणसं फादरांसारखंच चुंबन घेतात. मग लाल लुगड्यातली एक आजी येते. ती उजव्या हाताची बोटं लाकडाला लावते आणि दोन्ही डोळ्यांना लावते, जशी घरातली थोरली माणसं कुठल्याही पूज्य वस्तूला लावतात. १९६९ साली रोमने भारतातल्या कॅथलिकांना उपासनेत ज्या बारा गोष्टींची मुभा दिली, त्यांत हेही होतं: चुंबनाऐवजी स्पर्श करून हात डोळ्यांना किंवा कपाळाला लावणं. पादत्राणं काढणं, पंचांग प्रणाम, हात जोडणं हेही त्याच यादीतलं. आजीने ती यादी वाचलेली नसणार. तिची आजीही असंच करत असेल, असा माझा अंदाज.

साहेबाच्या केबिनबाहेर उभ्या असलेल्या माणसाची अदब आपण ओळखतो. त्याचे डोळे सारखे दाराकडे असतात, साहेबाचा मूड कसा आहे ते जोखत. या रांगेत तसं कुणी दिसत नाही. आजी निवांत आहे. क्रुसाला हात लावताना तिच्या चेहऱ्यावर धाक असा नाहीच. पण चप्पल मात्र तिने दाराबाहेर काढून ठेवलीय आणि पदर नीट डोक्यावर घेतलाय. तिच्या मागचा चार-पाच वर्षांचा मुलगा क्रुसाला गालच लावतो, बापाची वाट बघत तसाच उभा राहतो. बाप त्याला उचलून नेतो. कुणी हसत नाही.

क्रुसाशेजारी पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ पाठीचा कणा ताठ ठेवून उभे आहेत. प्रत्येक चुंबनानंतर हातातल्या फडक्याने लाकूड पुसायचं, एवढंच त्यांचं काम. करोनानंतर बऱ्याच ठिकाणी चुंबन बंद होऊन नुसतं वाकणं आलं. इथे दोन्ही चालू आहे. हे गृहस्थ पुसतात ते झटकून नाही. एकाच ठिकाणी, एकाच बाजूने, तळहात सपाट ठेवून.

तासाभराने रांग अजून व्हरांड्याबाहेर, पायऱ्यांच्याही खाली. नियमाने क्रूस एकच ठेवायचा. दुसरा आणून दोन रांगा करता येत नाहीत. गर्दी फार झाली तर फादरांनी तो मध्ये उभं राहून वर उचलायचा आणि सगळ्यांनी जागेवरूनच वंदन करायचं, अशी सोय आहे. कमिटीतले एकजण फादरांच्या कानाशी लागतात. फादर दाराकडे बघतात. दारात वॉकर धरून एक आजोबा आहेत, त्यांच्या मागे परीक्षेची पिशवी पाठीला लावलेली दोन मुलं, त्यांच्या मागे बरीच डोकी.

"येऊ द्या," फादर म्हणतात.

पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ मनगट झाडून घेतात. दुसऱ्या हाताने सॅक्रिस्टीच्या, म्हणजे वेदीच्या सामानाच्या खोलीच्या दारातल्या सिस्टरांना खूण करतात.

"सिस्टर, दुसरं फडकं द्या. हे ओलं झालं."