एक जागा, एक दिवस, दोन विजेते

आमच्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. नगरपालिकेची निवडणूक लागली की त्या दुकानात पंक्चरपेक्षा राजकारणच जास्त चालायचं. एका निवडणुकीत आमच्या मोहल्ल्यातून तिघे जण उभे राहिले. तिघेही ओळखीचे, दोघे तर नात्यातले. अब्बा प्रत्येकाला चहा पाजायचे आणि तो गेला की म्हणायचे, "मतं नंतर मोजा रे, आधी उमेदवार मोजा." झालंही तसंच. तिघांची मतं मिळून निम्म्याहून पुष्कळ जास्त भरली आणि निवडून आला चौथाच. पुढे कितीतरी दिवस मोहल्ल्यात एकच वाक्य ऐकू यायचं, "आपली मतं फुटली." मी तेव्हा बी.ए.ला होतो. लोकशाहीचं गणित पुस्तकात शिकत होतो आणि दुकानात बघत होतो.

अब्बांचं ते वाक्य मला २०१८ च्या ऑगस्ट महिन्यात पुन्हा आठवलं. निमित्त होतं अमेरिकेतल्या एका निवडणुकीचं. सकाळी सकाळी एका मित्राचा फोन आला. म्हणाला, "मुबारक हो! अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये पहिल्यांदाच एक मुस्लिम बाई जाणार." आता अमेरिकेची काँग्रेस म्हणजे आपल्याकडचा पक्ष नव्हे, ती तिथली संसद. तिच्या प्रतिनिधिगृहात, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहात, ४३५ जागा असतात आणि दर दोन वर्षांनी त्या सगळ्या जागांची निवडणूक होते. ती निवडणूक असते नोव्हेंबरात. मग ऑगस्टमध्ये मुबारकबाद कसली?

याचं उत्तर म्हणजे प्रायमरी, मराठीत म्हणायचं तर प्राथमिक निवडणूक. आपल्याकडे पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षाचे नेते ठरवतात. इच्छुक मंडळी मुंबईच्या, दिल्लीच्या वाऱ्या करतात, शेवटच्या रात्री कुणाच्या तरी हाती एबी फॉर्म पडतो आणि सकाळी उरलेले बंडखोर होतात. अमेरिकेतही पूर्वी पक्षाचे मुखत्यार बंद खोलीत नावं ठरवायचे. त्याविरुद्ध विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चळवळ झाली आणि विस्कॉन्सिन राज्यानं उमेदवार ठरवण्याचा अधिकार थेट मतदारांना दिला. पुढे ही पद्धत देशभर पसरली. म्हणजे तिथे तिकीट वाटतात ते सामान्य मतदार. मिशिगन राज्यात तर त्यासाठी पक्षाचं सदस्य असण्याचीही गरज नाही. मतपत्रिकेवर पक्षांचे रकाने असतात. मतदार गुपचूप एक रकाना निवडतो आणि त्याच पक्षाच्या इच्छुकांमधून एकावर खूण करतो. दोन पक्षांच्या रकान्यांत खुणा केल्या तर त्या भागातली मतं बाद.

आणि जिथे एखाद्या पक्षाचा बालेकिल्ला असतो, तिथे प्राथमिक निवडणूक हीच खरी निवडणूक. नोव्हेंबर म्हणजे नुसता उपचार. मिशिगनमधल्या डेट्रॉईट शहराचा तेरावा मतदारसंघ तसा होता.

डेट्रॉईट म्हणजे मोटारींचं शहर. १९५० साली तिथे साडेअठरा लाख लोक राहत होते. कारखाने गेले, माणसं गेली, आणि २०२० च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्या आतच उरली. राहिलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय. या शहरातून जॉन कॉनयर्स १९६५ पासून सलग जवळजवळ ५३ वर्षं संसदेत होते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावानं राष्ट्रीय सुट्टी असावी, हे विधेयक पहिल्यांदा मांडणारे ते हेच. बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स पुढे कॉनयर्स यांच्याच डेट्रॉईटच्या कार्यालयात अनेक वर्षं काम करत होत्या. अशा माणसावर कार्यालयातल्या स्त्रियांनी गैरवर्तनाचे आरोप केले आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. आरोप त्यांनी मान्य केले नाहीत. जाताना मात्र त्यांनी आपल्या जागेसाठी मुलाचं नाव पुढे केलं.

घराणेशाही आपल्याकडेच आहे असं समजू नये! पण तिथे मुलाच्या हाती एबी फॉर्म देता येत नाही. या जागेच्या उमेदवारीसाठी हजार मतदारांच्या वैध सह्या लागतात. मुलाच्या सह्या पुरेशा भरल्या नाहीत आणि त्याचं नाव मतपत्रिकेवर आलंच नाही. भावाचा नातू मात्र उभा राहिला.

आता खरी गंमत पुढे आहे. त्या वेळच्या राज्यपालांनी पोटनिवडणूक वेगळी न घेता नेहमीच्या निवडणुकीसोबतच ठेवली. त्यामुळे ७ ऑगस्ट २०१८ रोजी डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतदारांना एकाच जागेसाठी दोन खुणा करायच्या होत्या. एक, कॉनयर्स यांच्या उरलेल्या काही आठवड्यांच्या मुदतीसाठी. दुसरी, जानेवारी २०१९ पासूनच्या पूर्ण दोन वर्षांसाठी. माणसं तीच, केंद्रं तीच, दिवसही तोच.

मुख्य सामना दोघींचा. ब्रेंडा जोन्स या डेट्रॉईटच्या नगर परिषदेच्या अध्यक्षा, कृष्णवर्णीय, शहरात वजन असलेल्या. दुसऱ्या रशिदा तलैब. पॅलेस्टाईनहून आलेल्या आईबापांच्या चौदा मुलांमधली थोरली मुलगी, वडील फोर्डच्या कारखान्यात कामाला. राज्याच्या विधानसभेत ती आधी सहा वर्षं होती.

पूर्ण मुदतीच्या मतपत्रिकेवर सहा नावं होती. तलैब यांना सुमारे ३१ टक्के आणि जोन्स यांना सुमारे ३० टक्के मतं पडली. फरक अवघ्या ९०० मतांचा. तलैब जिंकल्या. उरलेल्या मुदतीच्या मतपत्रिकेवर चारच नावं होती. तिथे जोन्स यांना जवळपास ३८ टक्के, तलैब यांना ३६. जोन्स जिंकल्या!

एकाच दिवशी, एकाच जागेसाठी, त्याच मतदारांनी दोन वेगळे निकाल दिले. मतदारांचं मन घटकेत पालटलं का? नाही. पालटली ती नावांची संख्या. जास्तीच्या दोन नावांत एक होतं शहराच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौरांच्या मुलाचं, दुसरं राज्याच्या एका माजी आमदार बाईंचं. दोघांनी मिळून सुमारे १८ टक्के मतं घेतली. ही दोन नावं नव्हती तिथे जोन्स यांचा आकडा साडेसात टक्क्यांनी वर गेला आणि तलैब यांचा पाचाच्याही आत. तेवढ्यानं पारडं फिरलं.

पूर्ण मुदतीसाठी रिपब्लिकन पक्षाचा उमेदवारच नव्हता. म्हणजे सुमारे सात लाख वस्तीच्या मतदारसंघाचा प्रतिनिधी ऑगस्टमधल्या नव्वद हजारांच्या आतल्या मतदानानं आणि ९०० मतांच्या फरकानं ठरला. जोन्स बाई नोव्हेंबरअखेर शपथ घेऊन पाचेक आठवडे संसदेत बसल्या. ३ जानेवारी २०१९ ला त्यांची मुदत संपली आणि त्याच दिवशी तलैब आणि मिनेसोटाच्या इल्हान उमर या पहिल्या दोन मुस्लिम स्त्रिया संसदेत दाखल झाल्या.

मित्राला मी हे सगळं सांगितलं. तो जरा नाराज झाला. म्हणाला, "तू कवी आहेस, आनंदाच्या वेळी हिशेब कशाला काढतोस?" खरं आहे. मलाही आनंद झाला होता. पण मला मोहल्ल्यातलं ते वाक्य सोडवेना. दुसरा निवडून आला की आपण म्हणतो, मतं फुटली. आपला निवडून आला की म्हणतो, जनतेनं कौल दिला. आणि डेट्रॉईटच्या कृष्णवर्णीय वस्तीत त्या दिवशी कुणीतरी नक्की आमच्या मोहल्ल्याचंच वाक्य बोललं असणार.

न्यायानं सांगायचं तर दोन वर्षांनी, २०२० च्या ऑगस्टमध्ये, या दोघी पुन्हा समोरासमोर आल्या. तिसरं नाव नव्हतं. तलैब यांना सुमारे ६६ टक्के मतं मिळाली. दोनच नावं असल्यावर निकाल कसा लख्ख लागतो! पहिल्या वेळी जो कौल धूसर होता, तो दुसऱ्या वेळी स्वच्छ झाला.

आता दुसऱ्या पेढ्याची गोष्ट. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या शेजारचे निवृत्त शिक्षक पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "आपला मराठी माणूस अमेरिकेच्या संसदेत चालला!" ते श्री ठाणेदार यांच्याबद्दल बोलत होते. चिकोडीचा जन्म, बेळगावात बालपण, गरिबी, रसायनशास्त्राचं शिक्षण, मग अमेरिकेत उद्योग. त्यांचं 'ही श्रीची इच्छा' हे आत्मकथन गुरुजींनी वाचलेलं होतं. आणि जागा कुठली? पुन्हा डेट्रॉईटचाच तेरावा मतदारसंघ! मतदारसंघांची फेररचना झाली होती आणि तलैब शेजारच्या बाराव्यात गेल्या होत्या.

या वेळी डेमोक्रॅटिक पक्षाचे इच्छुक होते नऊ, त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय. मतं फुटणार हे पुढाऱ्यांना कळत होतं. एका गटानं मुलाखती घेऊन ॲडम हॉलियर हे एकच नाव पुढे केलं. पण निवृत्त होणाऱ्या प्रतिनिधी ब्रेंडा लॉरेन्स यांनी पाठिंबा दिला पोर्शिया रॉबर्सन यांना. बाकीचेही हटले नाहीत. ठाणेदारांनी स्वतःचे ८० लाख डॉलरहून अधिक पैसे प्रचारात घातले, तर त्यांच्या विरोधात बाहेरच्या गटानं लाखो डॉलर ओतले. निकाल लागला तेव्हा ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मतं होती, हॉलियर यांना २३ ते २४. प्राथमिक निवडणूक जिंकली, म्हणजे जागा जिंकलीच.

गुरुजींचा पेढा मी खाल्ला. चिकोडीचा मुलगा तिथवर पोचतो, याचा मराठी माणूस म्हणून मला अभिमानच वाटला. पण त्या शहराच्या बाजूनंही एकदा बघायला हवं. १९५५ च्या जानेवारीत चार्ल्स डिग्ज संसदेत गेले, तेव्हापासून डेट्रॉईटचा किमान एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी तिथे होता. २०२३ च्या जानेवारीत ती परंपरा तुटली. कायद्यात काही चुकलं नव्हतं, कुणी कुणाचं मत पळवलं नव्हतं. नऊ नावांत मतं वाटली गेली, एवढंच. ठाणेदार २०२४ ची प्राथमिक निवडणूकही जिंकले, आणि या वेळी निम्म्याहून जास्त मतांनी. त्या खेपेला हॉलियर यांच्या सह्याच अवैध ठरल्या होत्या.

म्हणजे दोष जिंकणाऱ्याचा नाही. ज्याला सगळ्यात जास्त मतं तो विजयी, मग ती २८ टक्के का असेनात, या नियमाचा हा गुण आहे. अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत हा नियम नाही. टेक्सास, जॉर्जियासारख्या राज्यांत प्राथमिक निवडणुकीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होतं. मेन राज्यानं २०१८ पासून पसंतीक्रमाची पद्धत आणली. मतदार पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहितो. सगळ्यात मागचा उमेदवार बाद झाला, की त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. मत फुटतं, पण वाया जात नाही.

ही पद्धत आपल्याला परकी नाही बरं का. आपल्या विधान परिषदेची पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची निवडणूक अशीच होते. माझ्या बी.ए.चा नोकरीत फारसा उपयोग झाला नाही, पण पदवीधर मतदारसंघात तिच्यामुळे मला नावांपुढे आकडे लिहायला मिळतात. अब्बा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांना आयुष्यभर एकच खूण करता आली, आणि ती करताना प्रत्येक वेळी ते दोन गोष्टी तोलत बसायचे. मनातला माणूस कोण, आणि निवडून येण्याजोगा कोण. मतदाराला असं तोलत बसावं लागू नये, एवढीच पसंतीक्रमाची मागणी आहे.

गुरुजी निघताना मी त्यांना विचारलं, "समजा, ठाणेदार २३ टक्क्यांवर थांबले असते आणि दुसरा कुणी २८ टक्क्यांवर जिंकला असता, तर आपण काय म्हणालो असतो?" गुरुजी क्षणभर थांबले. मग हसून म्हणाले, "म्हणालो असतो, मतं फुटली."

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)